स्वतःच्याच कूर्चेतून नाक नव्याने उभारताना: पहिल्यांदा विचार करणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने

नाकाच्या ऑपरेशनसाठी डॉक्टरांकडे जाणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी दिसण्याबद्दल विचारतो. बसलेलं नाक वर येईल का, सरळ होईल का, वण दिसेल का? प्रश्न रास्त आहेत, पण दुसऱ्या नंबरचे. पहिला प्रश्न असा हवा: माझ्या नाकाचा आतला सांगाडा नेमका कुठे खचलाय, आणि तो उभा करायला लागणारी कूर्चा (हाडासारखा आधार देणारी पण लवचीक ऊती, इंग्रजीत कार्टिलेज) शरीरात कुठून काढणार? याचं उत्तर कळलं की ऑपरेशन किती तासांचं, नंतर दुखणार ते नाक की छाती, सुट्टी किती काढायची, हे आपोआप उलगडत जातं. खालचे टप्पे त्याच क्रमाने लिहिलेत. इथलं काही तुमच्या डॉक्टरांच्या सांगण्याशी जुळलं नाही तर त्यांचं ऐका, कारण तुमचं नाक त्यांनी तपासलंय.

१. आधी नाकाची रचना समजून घ्या

नाकाचा वरचा साधारण एक तृतीयांश भाग तेवढा हाडाचा असतो. चष्मा टेकतो तिथे बोट ठेवा आणि हळूहळू खाली सरका. कडक भाग संपून जिथे किंचित लवचीक लागायला लागतं, तिथून कूर्चा सुरू झाली. मधल्या भागात दोन्ही बाजूंना एकेक कूर्चा असते आणि ती मधल्या पडद्याला, म्हणजे दोन नाकपुड्या वेगळ्या करणाऱ्या आतल्या भिंतीला, जोडलेली असते. खालच्या भागात कमानीसारख्या दोन कूर्चा असतात, त्यांच्यावर नाकाचा शेंडा उभा राहतो. पडद्याचा पुढचा भाग कूर्चेचा आणि मागचा हाडाचा. लोक ज्याला नाकाचं हाड वाढलंय म्हणतात, तो बहुतेक वेळा हा वाकडा पडदाच असतो. नाकपुडीच्या बाहेरच्या गुबगुबीत कडेत मात्र मुळात कूर्चा जवळजवळ नसतेच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

छत्रीच्या काड्या मोडल्या की कापड कितीही चांगलं असलं तरी लोंबतं, तसं नाकाच्या त्वचेचं होतं. पडद्याचा आधार गेला की मधला भाग खोगिरासारखा बसतो, शेंडा खाली येतो किंवा उलट वर ओढला जातो, आणि श्वास अडतो. श्वास अडण्याची जागाही ठरलेली आहे. मधली कूर्चा आणि पडदा यांच्यातला कोन म्हणजे नाकातली सगळ्यात अरुंद फट. निरोगी नाकात हा कोन साधारण १० ते १५ अंशांचा मानतात. तो मिटला किंवा बाजूची भिंत कमजोर झाली, तर श्वास जोरात घेतल्यावर नाकपुडी आत ओढली जाते.

घरी करून पाहण्यासारखी एक चाचणी आहे. नाकाच्या बाजूला गालावर बोट ठेवून त्वचा हळूच बाहेर ओढा आणि श्वास घ्या. एकदम मोकळं वाटलं तर अडचण या फटीत असू शकते. पण नाक ठीकठाक असलेल्या अनेकांनाही असंच मोकळं वाटतं, तेव्हा एवढ्यावरून स्वतःचं निदान करून मोकळे होऊ नका.

२. तुमच्या नाकाचा आधार कशामुळे गेला, ते शोधा

कारण समजल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही, कारण काही कारणं अजून चालू असतात. चालू असलेल्या आजारावर नवी कूर्चा बसवली तर तिचंही तेच होतं.

सगळ्यात मोठा गट मार लागलेल्यांचा. त्यातही एक प्रकार असा आहे की तो टाळता येतो, म्हणून थोडं थांबून सांगतो. नाकावर आपटल्यावर कधी कधी पडद्याची कूर्चा आणि तिच्यावरचं पातळ आवरण यांच्यामध्ये रक्त साचतं. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण या आवरणातून झिरपून येतं. मध्ये रक्त आलं की पोषण तुटतं आणि काही दिवसांत कूर्चा मरू लागते. त्यात पू झाला तर आणखी लवकर. बाहेरून नाक फारसं वाईट दिसत नाही, म्हणून घरचे निर्धास्त असतात. मूल पडलं, नाकावर आपटलं आणि त्यानंतर दोन्ही नाकपुड्या गच्च झाल्या, आत पडद्यावर लालसर-जांभळी मऊ सूज दिसली, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. साचलेलं रक्त वेळेत काढलं की नाक वाचतं. नाही काढलं तर काही महिन्यांनी नाक बसतं, आणि मग हा सगळा लेख त्या मुलाच्या कामाचा होतो.

दुसरा गट आधी नाकाचं ऑपरेशन झालेल्यांचा. पडदा सरळ करताना किंवा नाकावरचा उंचवटा काढताना जास्त कूर्चा गेली, तर आधार कमी पडतो आणि त्याचा परिणाम कधी कधी वर्षांनी दिसतो. त्वचेचा कर्करोग काढताना नाकाचा तुकडा गेलेले आणि जन्मतः दुभंगलेल्या ओठाबरोबर नाकही वाकडं असलेले रुग्णही इथेच येतात.

आजारांत पॉलिअँजिआयटिससह होणारा ग्रॅन्युलोमॅटोसिस (बारीक रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार), रिलॅप्सिंग पॉलिकाँड्रायटिस (कूर्चेला वारंवार सूज येण्याचा आजार), कुष्ठरोग आणि सिफिलिस ही नावं येतात. यातला पॉलिकाँड्रायटिस कूर्चेवरच हल्ला करतो, त्यामुळे कानाची किंवा बरगडीची कूर्चा घेतानाही विचार करावा लागतो. असे आजार औषधांनी बरेच महिने शांत राहिल्यावरच ऑपरेशनची भाषा करायची. नाकातून कोकेन ओढण्यानेही पडद्याला भोक पडतं आणि नाक खचतं. सवय सुटलेली नसेल तर कोणताही शहाणा सर्जन हात लावणार नाही. हे डॉक्टरांपासून लपवू नका.

३. वेळ योग्य आहे का, ते पाहा

नुकतंच नाक मोडलं असेल तर पहिल्या एक-दोन आठवड्यांत हाड जागेवर बसवता येतं. ते वेगळं आणि छोटं काम आहे. कूर्चा लावून पुनर्रचना करायची तर सूज आणि आतला वण मऊ व्हायला वेळ द्यावा लागतो. आधी ऑपरेशन झालं असेल तर साधारण एक वर्ष थांबायला सांगतात. ते ऐकायला जड जातं, पण ताज्या वणात चाकू घातला तर कूर्चा कुठे संपते आणि वण कुठे सुरू होतो, हेच कळत नाही.

वाढत्या वयात, अगदी गरज नसेल तर, चेहऱ्याची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबतात. मुलींमध्ये ती साधारण १५-१६ व्या वर्षी आणि मुलांमध्ये १७-१८ च्या सुमारास होते.

४. सर्जनची पहिली भेट

हे काम कान-नाक-घसा तज्ज्ञही करतात आणि प्लास्टिक सर्जनही. पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा, तुमच्यासारखी खचलेली नाकं ते नेहमी करतात का, हे महत्त्वाचं. साध्या नाकाचा उंचवटा उतरवणं आणि खचलेलं नाक उभारणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत.

चांगली तपासणी हाताने होते. डॉक्टर शेंडा दाबून तो परत वर येतो का पाहतील. पडद्याला कापसाच्या काडीने हलकेच चाचपून आत कूर्चा शिल्लक आहे का, याचा अंदाज घेतील. दुर्बिणीने आतून पाहतील. त्वचा जाड आहे की पातळ, तेही बघतील. जाड त्वचेखाली बारीक काम झाकलं जातं, तर पातळ त्वचेतून तुकड्याची कड उमटते. कानही दाबून पाहिला जाईल. समोरून, दोन्ही बाजूंनी, तिरके आणि हनुवटीखालून असे फोटो काढले जातील. गरज असेल तर सीटी स्कॅन सांगतील.

स्क्रीनवर तुमचा फोटो बदलून दाखवला तर तो बोलण्यापुरता धरा. संगणकात त्वचा आकसत नाही, वण होत नाही.

तुम्ही काय विचारायचं? माझ्या मते हे चार प्रश्न पुरे आहेत: कूर्चा कुठून घेणार? तिथली पुरली नाही तर पुढची जागा कोणती, आणि त्यासाठी माझी संमती आधीच घेणार का? श्वासात किती सुधारणा अपेक्षित आहे? आणि तुमच्या रुग्णांपैकी किती जणांना पुन्हा टेबलावर यावं लागतं? शेवटच्या प्रश्नावर कुणी शून्य म्हणालं तर दुसरं मत घ्या.

स्वतःलाही एक विचारा. इतरांना न दिसणारा दोष दिवसभर आरशात शोधण्यात वेळ जात असेल, त्यामुळे कामधंदा आणि माणसं टाळली जात असतील, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. अशा अवस्थेत ऑपरेशन उत्तम झालं तरी समाधान मिळत नाही.

५. कूर्चा कुठून घ्यायची

मुळात कूर्चाच का? तिच्या पेशी कमी पोषणावर जगतात. रक्तवाहिन्या नसल्या तरी आजूबाजूच्या ऊतींतून झिरपणारं त्यांना पुरतं, म्हणून एका जागेची कूर्चा दुसऱ्या जागी तग धरते. हाडाचा तुकडा मात्र नाकात कालांतराने झिजण्याची शक्यता जास्त. शिवाय कूर्चा स्वतःची असल्याने शरीर तिला परकी मानत नाही. सिलिकॉनचा तुकडा बसवायला सोपा, दुसरी जखमही नाही, पण तो कायम पाहुणाच राहतो. वर्षांनीसुद्धा जंतुसंसर्ग होऊ शकतो किंवा तो त्वचा भेदून बाहेर येऊ शकतो. सुदृढ त्वचेखाली नुसती उंची वाढवायची असेल तर त्याच्या बाजूने बोलणारे सर्जन आहेत. पण मार, पू किंवा जुन्या ऑपरेशनने वण झालेल्या नाकात मी तरी स्वतःच्याच कूर्चेच्या बाजूने उभा राहीन. दात्याच्या बरगडीची, किरणोत्साराने निर्जंतुक केलेली कूर्चाही मिळते. तिच्यात दुसरी जखम वाचते, पण ती विरघळून कमी होण्याची शक्यता असते.

पडदा. पहिली पसंती याला. कूर्चा सपाट, सरळ, बऱ्यापैकी कणखर, आणि त्याच जखमेतून निघते. पण सगळी काढता येत नाही. नाकाच्या वरच्या कण्यालगत (चष्मा टेकतो तिथपासून शेंड्यापर्यंतची उभी धार) आणि पुढच्या बाजूला मिळून उलट्या एलच्या आकाराची, किमान एक सेंटिमीटर रुंदीची पट्टी मागे ठेवावीच लागते, नाहीतर उरलेलं नाकही बसेल. ज्यांना पुनर्रचनेची गरज पडते, त्यांच्यात ही खाण बहुधा आधीच रिकामी झालेली असते. सर्जन पडदा चाचपून पाहतात ते यासाठीच.

कान. कानाच्या मधल्या वाटीसारख्या खोलगट भागातून कूर्चा घेतात. चीर मागे किंवा पुढच्या घडीत असते. कानाची कड आणि आतली उभी घडी शाबूत ठेवली तर कानाचा आकार बदलत नाही. ऐकू येण्याशी याचा संबंध नाही. ही कूर्चा मुळातच वाकलेली आणि मऊ, म्हणून नाकपुडीची भिंत किंवा शेंड्यावरची टोपी करायला छान. पण शेंड्याला उभं धरायचा खांब करायचा तर ती लवते. दोन थर एकमेकांना शिवून ताठ करता येतात, तरी मर्यादा राहते. ऑपरेशननंतर कानात कापसाचा बोळा टाक्यांनी दाबून बसवतात, खाली रक्त साचू नये म्हणून. तो काही दिवस राहतो. झोपताना तुम्ही कोणत्या कुशीवर वळता हे डॉक्टरांना आधी सांगा, म्हणजे शक्य झालं तर दुसऱ्या बाजूचा कान निवडता येईल.

बरगडी. नाक पूर्ण खचलं असेल तर शेवटी इथेच यावं लागतं. सहावी, सातवी किंवा आठवी बरगडी जिथे हाडाची संपून कूर्चेची होते, त्या भागातून तुकडा घेतात. बायकांमध्ये चीर स्तनाखालच्या घडीत लपवता येते. इथे कूर्चा भरपूर मिळते आणि कणखर असते. लांब खांब, पूर्ण कणा, काहीही घडवता येतं. बदल्यात तीन गोष्टी स्वीकाराव्या लागतात.

पहिली म्हणजे वाकणं. बरगडीच्या कूर्चेच्या बाहेरच्या थरांत ताण दडलेला असतो. एका बाजूचा थर तासला की ती उरलेल्या बाजूकडे वळते. गिब्सन आणि डेव्हिस या संशोधकांनी १९५८ साली याचं कारण मांडलं आणि उपायही सुचवला: गाभ्यातला भाग घ्या आणि सगळीकडून सारखं तासा. आजही सर्जन तुकडा कोरून सलाईनमध्ये साधारण अर्धा तास ठेवतात, कुठे वाकतो ते पाहतात आणि मगच शेवटचा आकार देतात. काही जण बरगडी तिरकी कापून सरळ पट्ट्या काढतात, काही जण आत बारीक तार घालतात. तरीही एखादा तुकडा महिन्यांनी वाकतो. तरुण, पांढऱ्याशुभ्र कूर्चेत हे जास्त.

दुसरी गोष्ट वयाची. वय वाढतं तशी कूर्चेत चुन्यासारखी कॅल्शियमची कणी जमते, ती ठिसूळ होते आणि कोरताना तुटते. म्हणून मध्यम वयापुढच्या रुग्णांत छातीचा सीटी स्कॅन आधी करून घेतलेला बरा.

तिसरी म्हणजे छाती. कूर्चेच्या मागे फुप्फुसाचं आवरण असतं. ते फाटलं तर छातीत हवा शिरते. असं क्वचित होतं. जखम शिवण्याआधी सर्जन तिच्यात सलाईन ओततात, भूलतज्ज्ञ फुप्फुस फुगवतात आणि बुडबुडे येतात का ते सगळे पाहतात. खोकताना-हसताना छाती दुखणं मात्र क्वचित नाही, ते ठरलेलंच आहे आणि काही आठवडे चालतं. अनेकांना नाकापेक्षा छातीच जास्त दुखते.

कूर्चेचे बारीक, एक मिलिमीटरच्या आसपासचे तुकडे करून पातळ पिशवीत भरण्याचीही पद्धत आहे. २००० साली एरोल या सर्जननी त्यासाठी सर्जिसेल नावाचं विरघळणारं कापड वापरलं. २००४ साली डॅनियल आणि कॅल्व्हर्ट या सर्जननी कापडातले तुकडे विरून गेल्याचं सांगितलं आणि कानाच्या वर केसांत मिळणारं स्नायूचं पातळ आवरण वापरलं. असा कणा वाकत नाही आणि कडाही दिसत नाहीत. पण तो फक्त भराव आहे, भार पेलत नाही.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या कूर्चेबद्दल विचारणा होते. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथल्या गटाने २०१४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांची माहिती छापली. त्यांच्याच पडद्यातल्या पेशी वाढवून कर्करोगानंतर नाकपुडीचा भाग दुरुस्त केला होता. वाट आशेची आहे, पण तुमच्या ऑपरेशनची तारीख त्यावर अडवू नका.

६. कोणता तुकडा कुठे बसतो

संमतीपत्रावर इंग्रजी नावं येतील, त्यांना घाबरू नका. स्प्रेडर ग्राफ्ट म्हणजे पडदा आणि मधली कूर्चा यांच्यात उभी घातलेली बारीक पट्टी. वर सांगितलेली अरुंद फट ती उघडी ठेवते. ही पट्टी शीन या सर्जननी १९८४ साली मांडली आणि श्वासासाठी तिच्याइतकी उपयोगी गोष्ट कमीच. कॉल्युमेलर स्ट्रट म्हणजे दोन नाकपुड्यांमधल्या पट्टीत उभा केलेला खांब. सेप्टल एक्स्टेन्शन ग्राफ्ट हा त्याचा पडद्याला शिवलेला जास्त पक्का भाऊ. बॅटन ग्राफ्ट नाकपुडीची भिंत आत ओढली जाऊ नये म्हणून. डॉर्सल ऑनले म्हणजे कण्यावर ठेवलेला लांब तुकडा. खचलेल्या नाकात यातले बरेच एकत्र लागतात. आधी खांब आणि पट्ट्या, मग वरची उंची. हा क्रम उलटा करून नुसती उंची भरली तर नाक दिसायला बरं होतं, श्वास तिथेच अडकतो.

७. त्वचाही गेली असेल तर

कर्करोगात किंवा अपघातात नाकाचा तुकडाच गेला असेल तर तीन थर उभारावे लागतात: आतलं अस्तर, मधली कूर्चा, बाहेरची त्वचा. मोठ्या जखमेसाठी बाहेरची त्वचा बहुतेक वेळा कपाळावरून आणतात, कारण रंग आणि पोत सगळ्यात जवळचा जुळतो. भुवईजवळच्या रक्तवाहिनीवर जिवंत असलेली त्वचेची पट्टी खाली वळवून नाकावर शिवतात. नवीन जागेतून रक्तपुरवठा सुरू व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, तोवर भुवईपासून नाकापर्यंत कातडीचा पूल राहतो. हे तीन आठवडे मनाला जड जातात. चष्मा नीट बसत नाही, लोक बघतात. अनेक सर्जन मध्ये आणखी एक टप्पा घेऊन पट्टी पातळ करतात आणि कूर्चा ठाकठीक करतात, म्हणजे एकूण तीन ऑपरेशनं. एका ऑपरेशनमध्ये सगळं उरकून देण्याचं वचन इथे संशयास्पद समजा.

बर्जेट आणि मेनिक या सर्जननी १९८५ साली नाकाचे नऊ छोटे विभाग मांडले. एखाद्या विभागाचा निम्म्याहून जास्त भाग गेला असेल तर उरलेलाही काढून पूर्ण विभाग नवा करावा, म्हणजे वण विभागांच्या सीमेवर पडतात आणि सावलीत लपतात. चांगली त्वचा का काढताय म्हणून घाबरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि सुरुवातीला सांगितलेली नाकपुडीची कड आठवा. तिथे निसर्गाने कूर्चा दिलेली नाही, तरी नवी कड करताना ती घालावीच लागते. नाहीतर वण आकसतो आणि कड वर ओढली जाते.

८. तयारी

तंबाखूचा धूर किमान चार आठवडे आधी आणि तेवढाच काळ नंतर बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात. म्हणून निकोटिनचं च्युइंग गमही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. कपाळाची पट्टी वापरायची असेल तर इथे तडजोड नाही.

ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, माशाच्या तेलाच्या आणि लसणाच्या कॅप्सूल, व्हिटॅमिन ई, गिंको ही वनौषधी यांची यादी करून डॉक्टरांना द्या, यांनी रक्तस्राव वाढू शकतो. मात्र हृदयासाठी किंवा स्टेंटसाठी चालू असलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. हृदयरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ मिळून ठरवतील. चोंदलेलं नाक मोकळं करणारे थेंब महिनोन्‌महिने वापरत असाल तर तेही सांगा. त्यांनीच आतली सूज टिकून राहते.

घरी पुढून बटणं असलेले शर्ट काढून ठेवा, दोन-तीन जास्तीच्या उशा आणि ओठांना लावायला व्हॅसलीन. बरगडीची कूर्चा घेणार असतील तर पहिले काही दिवस कुणीतरी सोबत हवंच, कारण पलंगावरून उठताना आधार लागतो.

९. ऑपरेशनचा दिवस

पूर्ण भूल असते. सहसा घन अन्न सहा तास आणि साधं पाणी दोन तास आधी बंद करतात. घशात पट्टी ठेवतात, रक्त पोटात जाऊ नये म्हणून, तरी थोडं जातंच आणि नंतर काळपट उलटी होऊ शकते. दोन नाकपुड्यांमधल्या पट्टीवर छोटी, मोडलेल्या रेषेसारखी चीर घेऊन त्वचा वर उचलतात. सरळ चिरेपेक्षा अशा चिरेचा वण कमी दिसतो. बरगडीसह काम असेल तर चार-पाच तास लागू शकतात. बाहेर थांबलेल्यांना हे आधी सांगून ठेवा.

जाग आल्यावर नाक पूर्ण बंद वाटेल. आत सिलिकॉनच्या पट्ट्या किंवा बोळे, बाहेर साचा. श्वास तोंडाने घ्यायचा आहे, हे झोपण्याआधी मनाला बजावून ठेवा. शुद्धीवर येताना होणारी घाबरगुंडी बहुतेक यामुळेच असते.

१०. पहिले दोन आठवडे

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज आणि डोळ्यांखालचं काळं-निळं सर्वांत जास्त. डोकं उंच ठेवून, पाठीवर झोपा. थंड शेक गालांवर आणि डोळ्यांभोवती, नाकावर नाही. नाक शिंकरायचं नाही, सर्जन सांगतील तोवर. शिंक आलीच तर तोंड उघडून येऊ द्या. मिठाच्या पाण्याचा फवारा सांगितल्याप्रमाणे मारत राहा, खपल्या नखाने काढू नका. छातीत चीर असेल तर खोकताना तिथे उशी दाबून धरा. दुखतं म्हणून उथळ श्वास घेत राहिलात तर छातीत कफ साचतो, म्हणून दर तासाला काही खोल श्वास.

साधारण आठवड्याने साचा आणि बाहेरचे टाके निघतात. तो पहिला आरसा फसवा असतो. शेंडा वर चढलेला, नाक रुंद, ओठ ताठ. या दिवशी ढसाढसा रडणारी माणसं असतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्या दिवशीचा फोटो कुणाला पाठवायची घाई करू नका.

या गोष्टी दिसल्या तर फोन करून वाट पाहू नका, थेट जा:

– नाकातून थांबत नसलेलं रक्त, किंवा घशात सतत उतरणारं
– धाप लागणं, छातीत एका बाजूला टोचणारी कळ
– ताप, वाढत जाणारा लालपणा किंवा ठणका, पू
– नाकाची किंवा कपाळाच्या पट्टीची त्वचा पांढरी पडणं किंवा काळवंडणं
– डोळ्यांच्या नजरेत फरक, किंवा नाकातून पाण्यासारखं पातळ थेंब-थेंब गळणं

११. पुढचे महिने

चष्मा साधारण सहा आठवडे कण्यावर टेकवायचा नाही. धावणं, वजन उचलणं चार-सहा आठवड्यांनी हळूहळू सुरू होतं. चेंडू किंवा धक्का लागू शकतो अशा खेळांना त्याहून बराच उशीर. उन्हात सनस्क्रीन, कारण ताजा वण उन्हाने काळपट होतो.

बरीचशी सूज दोन-तीन महिन्यांत उतरते, शेंड्याची मात्र वर्षभर रेंगाळते आणि जाड त्वचेत त्याहूनही जास्त. शेंडा आणि वरचे पुढचे दात बधिर वाटू शकतात, बहुतेकांत हे हळूहळू जातं. एक गोष्ट मात्र कायम राहू शकते आणि ती आधी फार कमी जण सांगतात: कूर्चेच्या खांबावर उभं केलेलं नाक कडक लागतं. शेंडा पूर्वीसारखा हलत नाही, हसताना ओठ थोडा वेगळा वाटतो. श्वास मोकळा झालेल्या माणसाला हा सौदा सहसा मान्य असतो, पण तो आधी कळायला हवा.

बिघडू शकतं ते असं: तुकडा वाकणं, सरकणं, कड दिसणं, काही भाग विरणं, जंतुसंसर्ग, आणि श्वासात अपेक्षेइतका फरक न पडणं. लहानसहान दुरुस्ती कधी कधी स्थानिक भुलीत होते. मोठी करायची असेल तर पुन्हा वर्षभराचा नियम लागू.

घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका, ऑपरेशनच्या नोंदीची प्रत मागून घ्या. पडद्यातून किती कूर्चा घेतली, कोणता कान, कितवी बरगडी, कोणते तुकडे कुठे शिवले, तार किंवा न विरघळणारे टाके आत आहेत का, हे सगळं त्यात असतं. दहा वर्षांनी दुसऱ्या सर्जनपुढे बसायची वेळ आली तर त्यांचा पहिला प्रश्न हाच असेल की कुठली कूर्चा शिल्लक आहे.